जुना डॅनिश सागवानी डेबेड: पारख, खरेदी आणि निगा

विसाव्या शतकाच्या मध्यात डेन्मार्कमध्ये घडलेला सागवानी डेबेड दिसायला आपल्या दिवाणाच्या जवळचा असतो, पण त्याची चौकट सडसडीत असते आणि पाय खाली निमुळते होत जातात. असा नमुना संग्रहासाठी घ्यायचा असेल, तर पाहणीच्या वेळी पहिल्याप्रथम त्यावरची गादी उचलून बाजूला ठेवावी. गादी, अभ्रा, लोड आणि गादीखालचे रबरी पट्टे पुन्हा करून घेता येतात. लाकडाची मूळ चौकट, साठ-सत्तर वर्षांत तिच्यावर चढलेला रंग आणि कारखान्यातच बसवलेले धातूचे भाग मात्र एकदा गेले की कोणत्याही किमतीला परत मिळत नाहीत. बाजारात अनेकदा याच्या उलट घडते. नवे कापड चढवलेला आणि चकचकीत पॉलिश केलेला नमुना हातोहात विकला जातो आणि मळक्या गादीचा, निस्तेज दिसणारा, पण हात न लागलेला नमुना कोपऱ्यात पडून राहतो. हा दुसरा नमुना ओळखता येणे हेच या छंदातले खरे कौशल्य आहे आणि पुढचे सारे विवेचन त्याच दृष्टीने केले आहे.

कोणते नमुने डोळ्यांसमोर ठेवावेत

डेन्मार्कमध्ये सागवान उगवत नाही. ते आले सयाम (आजचे थायलंड) आणि ब्रह्मदेशातून. कोपनहेगनमध्ये 1897 साली हान्स नील्स अँडरसन यांनी स्थापन केलेल्या ईस्ट एशियाटिक कंपनीचा सयाममधील सागवानाचा व्यापार मोठा होता आणि दुसऱ्या महायुद्धानंतर डॅनिश कारखान्यांनी हे लाकूड भरपूर वापरले. त्यामुळे त्या काळातील चांगल्या डेबेडच्या चौकटीत पुष्कळदा लांब, सरळ रेषांचे, गाठी नसलेले सागवान दिसते. ब्रह्मदेशी सागाचे जुने पलंग आणि कपाटे ज्यांच्या घरात होती, त्यांना हे लाकूड हाताला लगेच ओळखीचे वाटेल.

अभ्यासाची सुरुवात दोन कारखान्यांपासून करावी. पहिला गेटामा. जटलंडमधील गेडस्टेड या गावी 1899 साली सुरू झालेला हा कारखाना आरंभी समुद्रातील गवत भरून गाद्या बनवत असे आणि त्याच्या नावातही गाव, समुद्रगवत आणि गादी या तिन्हींची आद्याक्षरे गुंफलेली आहेत. डॅनिश फर्निचर-रचनाकार हान्स वेग्नर (1914–2007) यांनी 1954 साली या कारखान्यासाठी आखलेला जीई 258 हा डेबेड संग्राहकांमध्ये सर्वाधिक परिचित आहे. त्याची पाठ बिजागरीवर वर उचलली जाते आणि एरवी पाठीमागे झाकलेली गादीची रुंदी झोपण्यासाठी मोकळी होते. दिवसा बसण्यासाठी बेताची खोली आणि रात्री झोपण्यासाठी पुरेशी रुंदी असा दुहेरी उपयोग एकाच साध्या हालचालीत साधणारी ही रचना मला त्या संपूर्ण काळातील सर्वांत विचारपूर्वक केलेल्या रचनांपैकी एक वाटते.

दुसरा कारखाना फ्रान्स अँड डेव्हरकोसन. मूळचे इंग्रज असलेले चार्ल्स फ्रान्स यांचा व्यवसायही गाद्यांपासूनच सुरू झाला होता. 1957 पासून कारखान्याचे नाव फ्रान्स अँड सोन झाले आणि 1960च्या दशकाच्या उत्तरार्धात तो पौल काडोव्हियस यांच्याकडे गेल्यावर काडो हे नाव आले. नावांचा हा क्रम लक्षात ठेवला, तर वस्तूवर बसवलेला कारखान्याचा बिल्ला नुसता वाचून नमुन्याचा काळ बऱ्यापैकी ठरवता येतो. पीटर व्हिट आणि ओर्ला मोल्गोर-नील्सन या रचनाकारांच्या जोडीने या कारखान्यासाठी केलेले फर्निचर परदेशी पाठवण्याच्या हिशेबाने सुटे करता येईल असे आखलेले होते, आणि पाहणी करताना या गोष्टीचा फार उपयोग होतो.

गादी उचलल्यावर काय पाहावे

डेबेड शक्य असेल तर दोघांनी मिळून जाड चादरीवर अलगद उलटा करावा. विक्रेता उलटा करू देत नसेल, तर दुसरा नमुना शोधावा. छायाचित्रांवरून खरेदी करायची असेल, तर खालच्या बाजूची, चारही पायांच्या मुळांची आणि सर्व सांध्यांची जवळून काढलेली छायाचित्रे मागवावीत.

खालची बाजू प्रामाणिक असते, कारण तिथे कोणी पॉलिश करत नाही. सागवानाची न झाकलेली खालची बाजू साठ वर्षांत एकसारखी गडद, कोरडी आणि किंचित धुळकट तपकिरी झालेली असते. चार पायांपैकी एक पाय खालून पिवळसर आणि ताजा दिसला, तर तो नंतर बसवलेला आहे असे समजावे. आडव्या दांड्याच्या आतल्या बाजूला कुठे रिकामी भोके दिसली, तर तिथे पूर्वी काय होते याचा विचार करावा. एखादा धातूचा कंस (ब्रॅकेट) निघाला असेल, पाठीचा आधार हरवला असेल किंवा दोन वेगवेगळ्या डेबेडचे भाग जोडून एक केलेला असेल. स्क्रूच्या डोक्यांकडेही पाहावे. मूळ स्क्रू बहुधा एका सरळ फटीचे असतात आणि त्यांच्याभोवती लाकडावर गंजाची बारीक काळी कडा उमटलेली असते. सागवानात लोखंड दीर्घकाळ राहिले की असा डाग पडतोच. चकचकीत, अधिक चिन्हाच्या खाचेचे स्क्रू दिसले म्हणजे नमुना खोटाच ठरतो असे नाही, परंतु तो कधीतरी उघडला गेला आहे एवढे निश्चित कळते.

त्यानंतर सांधे पाहावेत. डेबेड सरळ उभा करून एका कोपऱ्याला हात देऊन कर्णाच्या दिशेने हळूच ढकलावे. संपूर्ण चौकट एकसंध हलली तर उत्तम. एखाद्या सांध्यात केसाएवढी फट उघडून मिटताना दिसली, तर लाकडी खुंट्यांमधला सरस सुटला आहे. सुटलेला सरस हा दोष नव्हे, वयाचा परिणाम आहे, आणि चांगला सुतार तो सांधा पूर्ण उघडून, जुना सरस खरवडून, नव्याने चिकटवून देऊ शकतो. मात्र त्याच सांध्यात कोणी आधीच खिळा ठोकलेला असेल किंवा फटीत पांढरा डिंक भरून वरून भुसा दाबलेला असेल, तर दुरुस्तीचा खर्च दुप्पट धरावा, कारण आधीची दुरुस्ती काढताना मूळ लाकूड फुटण्याचा धोका असतो. सुट्या होणाऱ्या चौकटींमध्ये दांडे आणि पाय बोल्टने जोडलेले असतात. तिथे बोल्ट मूळचे आहेत का आणि लाकडात बसवलेली धातूची आटे असलेली नळी सैल झाली आहे का, हे बोल्ट स्वतः फिरवूनच पाहावे.

घन लाकूड आणि व्हिनिअर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, यांतला फरक कडेवरून कळतो. घन सागवानात वरच्या पृष्ठभागावरची रेषा कडेवरून खाली वळताना दिसते, तर व्हिनिअरमध्ये ती कडेपाशी तुटते आणि तिथे वेगळी पट्टी लावलेली असते. डॅनिश डेबेडमध्ये पाय, दांडे आणि हात घन लाकडाचे असतात, आणि पाठीचा सपाट भाग किंवा सामान ठेवण्याचा कप्पा कधी कधी व्हिनिअरचा असतो. व्हिनिअर असण्यात कमीपणा काही नाही. प्रश्न एवढाच, की ते पातळ असल्यामुळे कोणी यंत्राने घासले असेल तर खालचे लाकूड उघडे पडते आणि त्यावर इलाज उरत नाही.

कीडही पाहावी. सागाचा आतला गाभा वाळवी आणि भुंगेरे यांना सहसा दाद देत नाही, पण बाहेरचा पांढरट भाग त्यांना आवडतो, आणि चौकटीच्या आतल्या अदृश्य बाजूला असा पांढरट भाग पुष्कळदा ठेवलेला असतो. टाचणीच्या डोक्याएवढी भोके दिसली, तर खाली काळा कागद पसरून डेबेड दोन आठवडे ठेवावा. कागदावर ताजा, पिठासारखा भुसा पडला, तर कीड जिवंत आहे.

शिक्के, बिल्ले आणि त्यांच्यावर किती विसंबावे

गेटामाच्या नमुन्यांवर कारखान्याचे नाव, गावाचे नाव आणि वेग्नर यांचा उल्लेख असलेला छाप चौकटीच्या आतल्या बाजूला आढळतो. फ्रान्स अँड डेव्हरकोसन आणि फ्रान्स अँड सोन यांचा छोटा गोल धातूचा बिल्ला लाकडात बसवलेला असतो. 1950च्या दशकाच्या अखेरीपासून अनेक डॅनिश वस्तूंवर डॅनिश फर्निचरमेकर्स कंट्रोल या संस्थेचे गोल चिन्हही दिसते. कागदी चिठ्ठ्या सहज गळून पडतात, त्यामुळे चिठ्ठी नाही म्हणून चांगला नमुना सोडू नये. आणि बिल्ला आहे म्हणून वाईट नमुना घेऊ नये. धातूचा बिल्ला एका मोडक्या खुर्चीतून काढून दुसऱ्या वस्तूत बसवायला पाच मिनिटे पुरतात. बिल्ल्याभोवतीची कडा स्वच्छ आहे की खरवडलेली, त्याच्या खोबणीत जुनी धूळ बसली आहे की ताजा चिकटपणा आहे, हे भिंगातून पाहावे. जाळून उमटवलेल्या शिक्क्याच्या कडा लाकडात किंचित दबलेल्या आणि मऊ झालेल्या असतात. नव्याने उमटवलेल्या शिक्क्याचा काळा रंग बोटाला लागतो किंवा भोवतीच्या लाकडापेक्षा जास्त ठळक दिसतो.

जीई 258 अनेक दशके बनत राहिला. त्यामुळे मॉडेल खरे असणे आणि नमुना 1950च्या दशकातला असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि किंमत ठरवताना हा फरक विक्रेत्याला स्पष्ट शब्दांत विचारावा.

भारतात खरेदी करणाऱ्यांसाठी एक सूचना इथेच करतो. मुंबईत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात किंवा चोर बाजारात डॅनिश वळणाचे, वेताच्या विणकामाचे सागवानी दिवाण मिळतात आणि त्यांतले काही अतिशय सुरेख असतात. ते इथल्या सुतारांचे काम म्हणून, त्याच्या योग्य किमतीला, आनंदाने घ्यावे. डॅनिश म्हणून घेऊ नये. चंदीगडसाठी वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली बनलेल्या सागवानी फर्निचरची गोष्ट आणखी नाजूक आहे. त्यातील डेबेड जगभरच्या लिलावांत मोठ्या किमतीला गेले, मागणीपाठोपाठ नकला आल्या, आणि 2011 साली केंद्रीय गृह मंत्रालयाने या वारसा फर्निचरची विक्री व निर्यात रोखण्याचे आदेश दिले. मूळ सरकारी लिलावाचा कागद दाखवल्याशिवाय असा नमुना घेऊ नये. पायावर रंगवलेली कार्यालयाची अक्षरे आणि आकडे हा पुरावा नव्हे, कारण ती सर्वांत आधी नकलली जातात.

लाकडावरचा हात

या छंदातील सर्वाधिक नुकसान खरेदीनंतर होते, आणि ते सद्हेतूने होते. घरी आलेला डेबेड मळलेला असतो, पॉलिशवाल्याला बोलावले जाते, तो यंत्राने घासून मेलामाइन किंवा पीयू पॉलिशचे थर देतो, आणि दोन दिवसांत साठ वर्षांचा पृष्ठभाग भुशाबरोबर केरात जातो. लाकूड काचेखाली ठेवल्यासारखे दिसू लागते आणि संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मूल्य बरेच उतरते. हा डेबेड घासू नये, त्याचा रंग काढू नये, त्यावर चकाकी चढवू नये, हे मी अत्यंत आग्रहाने सांगतो.

आधी मूळ लेप कोणता आहे ते ओळखावे. खालच्या बाजूला दिसणार नाही अशा जागी पाण्याचा एक थेंब ठेवावा. तो काही मिनिटांत मुरून गडद डाग पडला, तर लाकूड फक्त तेल दिलेले आहे. थेंब तसाच राहिला, तर कापसाच्या बोळ्याला स्पिरिट लावून तिथेच हलके टेकवावे. जागा चिकट झाली तर लाखेचे पॉलिश आहे, आणि ते बहुधा नंतर कोणीतरी दिलेले असते. स्पिरिटने काहीच झाले नाही, तर लॅकरचा थर असावा. तेल दिलेल्या लाकडाची निगा घरी घेता येते, इतर दोन्ही प्रकारांत केवळ ओलसर फडक्याने मळ काढून थांबावे.

तेल दिलेला सागवानी डेबेड स्वच्छ करण्याची पद्धत अशी. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे थोडे थेंब घालावेत, फडके घट्ट पिळून घ्यावे आणि रेषेच्या दिशेने पुसावे. पाणी लाकडावर साचता कामा नये. लगेच कोरड्या फडक्याने टिपून चौकट पूर्ण दिवस सावलीत वाळू द्यावी. मळ तरीही राहिला असेल, तर चार शून्यांच्या सर्वांत बारीक पोलादी लोकरीला तेल लावून, दाब न देता, रेषेच्या दिशेनेच फिरवावी. थोड्याच वेळात लोकरीवर चहाच्या गाळासारखा तपकिरी मळ जमतो आणि खालून मधाच्या रंगाचे लाकूड वर येऊ लागते. याच क्षणी मोह आवरावा लागतो, कारण आणखी घासले की लाकूड फिकट पडायला सुरुवात होते. मग टीक ऑइल किंवा उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, पंधरा-वीस मिनिटांनी न मुरलेले सगळे तेल पुसून घ्यावे आणि दुसऱ्या दिवशी गरज वाटल्यास पुन्हा तेच करावे. पुसायचे राहिलेले तेल चिकट होऊन धूळ धरते.

खोबरेल तेल कधीही लावू नये. ते वाळत नाही, पृष्ठभागावर चिकटत राहते आणि पावसाळ्यात त्याला खवट वास येतो. तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चुरगळलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती मोकळ्या हवेत पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

रबरी पट्टे आणि गादी

अनेक डॅनिश डेबेडमध्ये गादीखाली रबर आणि कापडाचे थर असलेले पट्टे असतात, आणि पिरेली या इटालियन कंपनीच्या नावानेच ते ओळखले जातात. प्रत्येक पट्ट्याच्या टोकाला चिमटीसारखी पोलादी पट्टी दाबून बसवलेली असते आणि ती चौकटीतल्या तिरप्या खाचेत अडकते. साठ वर्षांचे रबर वाळून कडक होते. पट्ट्यावर नख दाबले आणि भेग उमटली, किंवा पट्टा वाकवल्यावर काळी पूड पडली, तर सगळेच पट्टे एकदम बदलावेत. एक-दोनच बदलले, तर ताण असमान पडून चौकट वाकू लागते. नवा पट्टा दोन खाचांमधील अंतरापेक्षा सुमारे एक दशांश कमी लांबीचा कापावा, म्हणजे तो ताणून बसतो. जुन्या पोलादी चिमट्या फेकू नयेत. त्या पकडीने हळूहळू उघडून, गंज काढून, शिकंज्यात पुन्हा दाबून वापरता येतात आणि खाचेत त्याच सर्वांत नीट बसतात. चौकटीवर खिळे मारून नाड्या किंवा पट्टे ठोकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये, कारण खाच असलेला दांडा हा मूळ रचनेचा भाग आहे आणि खिळ्यांच्या रांगेने तो चिरतो.

मूळ गादी खराब असली, तरी ती मापासाठी जपावी. जुना लॅटेक्स फोम चुरा होत असल्यास तो टाकून द्यावा, पण अभ्रा, बटणांमधले अंतर, गोटाची जाडी आणि विशेषतः गादीची उंची लिहून ठेवावी. साध्या डेबेडची गादी साधारणपणे 10 ते 12 सेंटीमीटर जाड असते. आपल्याकडे कारागीर आरामासाठी 15 सेंटीमीटरचा फोम सुचवतात, आणि त्या तीन ते पाच सेंटीमीटरनी संपूर्ण वस्तूचे प्रमाण बिघडते. पाय खुजे दिसतात आणि पाठ बुटकी होते. 40 डेन्सिटीचा फोम मूळ जाडीत घेतला, तर बसायला पुरेसा घट्टपणा येतो. कापडासाठी लोकरप्रधान पर्याय हवा असेल, तर डॅनिश रचनाकार नाना डिट्झेल यांनी 1965 साली केलेले हालिंगडाल हे कापड त्या काळाशी सुसंगत आहे. परंतु कोकणात किंवा मुंबईत लोकरीला बुरशी आणि कसर दोन्ही लागतात. तिथे जाडसर हातमागाचे एकरंगी सुती कापड घ्यावे आणि नोंदीत तसे लिहावे.

परदेशातून आणायचा असेल तर

कोपनहेगनच्या ब्रून रासमुसेन यांसारख्या लिलावघरांत वस्तूच्या स्थितीचा अहवाल मिळतो. तो वाचूनच बोली लावावी आणि बोलीवर लिलावघराचे शुल्क, कर, पॅकिंग आणि जहाजभाडे वाढते हे आधीच धरावे. लाकूड सागवान असेल तर संरक्षित प्रजातींचा प्रश्न येत नाही. ब्राझिली रोजवूड असेल, तर मात्र 1992 पासून ती प्रजाती साइट्स या संरक्षित प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि जुन्या वस्तूलाही ती बंदीपूर्वीची असल्याचा दाखला लागतो. आपल्या शिसवीसह त्या वंशाच्या इतर सर्व प्रजाती 2017 पासून दुसऱ्या परिशिष्टात आहेत. विक्रेता नुसते रोजवूड म्हणत असेल, तर नेमकी कोणती प्रजाती हे लेखी घ्यावे. पॅकिंगच्या लाकडी पेटीवर उष्णता प्रक्रिया झाल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का असावा लागतो. वापरलेल्या फर्निचरच्या आयातीचे नियम पैसे भरण्यापूर्वी कस्टम्सच्या अधिकृत एजंटकडून समजून घ्यावेत.

थंड, कोरड्या घरातून आलेला डेबेड आपल्या दमट हवेत आला की लाकूड फुगते. पेटी उघडल्यावर बोल्ट लगेच घट्ट आवळू नयेत. काही आठवडे चौकट सैलसर जोडून, एसीच्या झोतापासून आणि पश्चिमेच्या उन्हापासून दूर ठेवावी, मग सांधे पूर्ण बसवावेत. पावसाळ्यात पाठ भिंतीपासून चार बोटे तरी दूर असावी, म्हणजे मागे हवा खेळते आणि जीई 258 सारखी उचलायची पाठ भिंतीवर घासत नाही. तिच्या बिजागरीत तेलाऐवजी मेणाचा बारीक थर द्यावा, कारण तेल झिरपून गादीवर उतरते.

खरेदीची पावती, उलट्या बाजूची छायाचित्रे, शिक्क्याचे जवळून काढलेले छायाचित्र आणि केलेल्या प्रत्येक दुरुस्तीची तारखेसह नोंद एकत्र ठेवावी. काढलेल्या जुन्या पट्ट्याचा एक तुकडा आणि मूळ कापडाचा तळहाताएवढा नमुना लिफाफ्यात घालून त्याच फायलीत ठेवावा, म्हणजे पुढे हा डेबेड ज्याच्याकडे जाईल, त्याला त्यातील मूळ काय आणि बदललेले काय हे कोणाला न विचारता कळेल.